खाडा पडू द्यायचा नाही

त्रिंबक सुधारला तो एका पेल्यानं. असं म्हटलं की पडेगावातली माणसं गालात हसतात, कारण पेल्यानं बिघडलेले त्यांनी पुष्कळ पाहिलेत. पण हा पेला साध्या पाण्याचा होता, आणि रोज सकाळी तो त्याच्या हातात देणारी त्याची बायको सारजाबाई होती.

मूळची ही दोघं सोयगावकडची. लग्नानंतरची पहिली वर्षं सारजाबाईनं मेंढरांच्या मागं काढली. आज या शिवारात तर उद्या त्या, लेकरू पाठीशी आणि संसार घोड्यावर. पुढं चराई मिळेना, जो तो कुंपण घालून बसला, तेव्हा त्रिंबकनं कळप विकला आणि संभाजीनगरच्या कडेला पडेगावात दोन खोल्या घेतल्या. वाळूजच्या एका गोदामावर त्याला रात्रपाळीच्या पहारेकऱ्याचं काम मिळालं. दिवसभर चालणारा माणूस रात्रभर प्लास्टिकच्या खुर्चीत बसायला लागला. जाग राहावी म्हणून चहा प्यायचा, आणि चहा असा की साखरच जास्त आणि पाणी कमी. काही वर्षांत पोट सुटलं, अंगात साखर शिरली, आणि स्वभावात जी काय गोडी होती ती मात्र आटून गेली. भाजीत मीठ कमी पडलं तरी ताट भिरकावायचा. मारलं नाही त्यानं कधी, हे खरं. पण सारजाबाईला विचाराल तर ती सांगेल, न बोलणाऱ्या माणसाबरोबर जन्म काढणं हाही मारच आहे, फक्त वळ दिसत नाहीत. सकाळी कामावरून आला की भिंतीकडं तोंड करून झोपायचा, उठला की गुरगुरायचा, आणि संध्याकाळी डबा घेऊन निघून जायचा. नवराबायकोचं बोलणं म्हणजे "डबा दे" आणि "दार लाव".

मग एकदा तो कामावरच चक्कर येऊन पडला. गोदामाचा मॅनेजर म्हणाला, दवाखान्यात दाखवल्याशिवाय परत येऊ नका. म्हणून सारजाबाई त्याला जवळच्या आरोग्य केंद्रात घेऊन गेली. तिथल्या सिस्टर शकीला या दोघांच्याच वस्तीत, दोन गल्ल्या सोडून राहायच्या. त्यांनी बोट टोचून साखर पाहिली, पुन्हा एकदा पाहिली, आणि यंत्र बाजूला ठेवून त्रिंबककडं नुसतं बघत राहिल्या.

शकीला गोळ्यांचं समजावत होत्या, मोठ्या दवाखान्यातल्या तपासण्यांचं सांगत होत्या, पण सारजाबाईचं लक्ष नव्हतं. तिनं डोळे मिटले, खुलताबादच्या दिशेला मनातल्या मनात हात जोडले, आणि भद्रा मारुतीला म्हणाली, "देवा, एवढं माणूस नीट कर. आनवानी चालवत तुझ्या पायरीशी आणीन त्याला." पाय त्रिंबकचे आणि शब्द सारजाबाईचा. पण नवस बोलणारं एक आणि फेडणारं दुसरं, यात आपल्याकडं कोणाला काही वावगं वाटत नाही. पोरांचे केस देवाला द्यायचं कबूल करताना कोण पोरांना विचारतं?

तिनं डोळे उघडले तेव्हा शकीला म्हणत होत्या, "मामा, सगळं एकदम सांगितलं तर तुम्ही घरी जाऊन मावशीवर ओरडणार, और चार दिन में सब छोड देंगे. म्हणून आज गोळ्या सोडून एकच सांगते. सकाळच्या चहाच्या आधी पेलाभर पाणी प्यायचं. बस."

"एवढंच?" त्रिंबकला जरा अपमान झाल्यासारखं वाटलं. एवढा मोठा आजार आणि एवढंसं काम!

"एवढंच. पण खाडा पडू द्यायचा नाही. खाडा पडला की मी घरी येऊन भांडेन."

शकीलांची रीतच तशी होती. एक गोष्ट अंगवळणी पडली की तिच्या शेपटीला दुसरी बांधायची. चहाच्या आधी पाणी जमलं, मग चहातली साखर कमी करायला सांगितली. तीही एकदम नाही, चिमटी-चिमटीनं, जिभेला पत्ता लागू न देता. मग कामावरून आल्यावर घरात शिरण्याआधी गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी. मग टोकाच्या पुढं पिंपळापर्यंत. मग ताटात आधी भाकरी-पालेभाजी आणि भात शेवटी, तोही मुठीएवढा. त्रिंबक कुरकुरायचा, पण मेंढरं राखलेला माणूस. ऊन असो की पाऊस, सकाळी कळप सोडायचा म्हणजे सोडायचा, ही शिस्त त्याच्या हाडात होतीच. शहरात येऊन नुसती झोपली होती. "खाडा पडू द्यायचा नाय," असं तोच आता उलटा सारजाबाईला सांगायला लागला. पाहुणे आले तरी, लग्नाला गेला तरी, ताप आला तरी त्याची फेरी चुकायची नाही.

आणि त्या फेरीत तो बोलायला लागला.

सुरुवातीला सारजाबाई बरोबर जायची ती तो टपरीवर बसू नये म्हणून. पिंपळाच्या पुढं मिटमिट्याकडं जायला लागल्यावर मोकळं रान लागायचं. तिथं तो थांबायचा, गवत ओळखून दाखवायचा. हे मेंढरू खातं, हे खात नाही. एकदा लांडग्यानं कसं कोकरू नेलं, आणि तो त्यामागं किती लांब पळाला ते त्यानं सांगितलं. एकदा म्हणाला, "कळप इकला त्या दिशी मी तुझ्याशी बोललो नव्हतो. बोललो असतो तर रडलो असतो." एवढ्या वर्षांनी! सारजाबाई घरी येऊन भाकऱ्या थापत हमसून हमसून रडली, आणि पोरीनं विचारलं तर कांद्याचं नाव सांगितलं. साखर किती होती आणि किती उतरली ते आकडे तिच्या डोक्यात कधी राहिले नाहीत. नवरा बोलतो, हे मात्र तिला रोज सकाळी कळत होतं, आणि तिच्या लेखी सगळा आजार हाच होता आणि हाच बरा होत होता.

एक गोष्ट तेवढी राहिली होती. त्रिंबकच्या पायांना आधी मुंग्या यायच्या, मग तळव्यांची आग व्हायची. पुढं आगही थांबली, तेव्हा दोघंही खूश झाली. शकीला मात्र खूश झाल्या नाहीत. त्यांनी त्याला डोळे मिटायला लावले आणि दोऱ्याइतकी बारीक काडी तळव्याला टेकवून विचारलं, "मामा, कळलं की सांगा."

त्रिंबक डोळे मिटून बसून राहिला. काडी टाचेला टेकली, अंगठ्याला टेकली, वाकली. शेवटी तोच म्हणाला, "लावा की मग. किती वेळ नुसतं बसवता?"

केंद्रात बसलेले लोक हसले. सारजाबाईही हसली. शकीलांनी काडी खाली ठेवली. "मामा, तुमच्या पायाला आता कळत नाही. काटा रुतला तरी कळणार नाही, निखारा पडला तरी नाही. त्यामुळे पायाचं काम डोळ्यांनी करायचं. घरातसुद्धा चप्पल. आणि रोज पाय धुतले की तळवे बघायचे."

"मला वाकता कुठं येतंय? अन् डोळ्याला तरी कुठं धड दिसतंय?"

"मग मावशी बघतील."

त्या दिवसापासून संध्याकाळी तो पाय धुऊन खाटेवर बसायचा आणि सारजाबाई खाली बसून मोबाइलच्या उजेडात एकेक बोट फाकवून बघायची. तो विचारायचा, "काय हाय?" ती म्हणायची, "काय नाय." रोजचे हेच दोन शब्द, आणि मग तो डबा घेऊन कामावर जायचा.

चैत्रात तपासणी झाली तेव्हा शकीलांनी कागद दोनदा वाचला आणि हसल्या. "मामा, ये तो कमाल हो गया. असेच राहा." त्रिंबक लहान पोरासारखा लाजला.

त्याच संध्याकाळी सारजाबाईनं नवसाचं सांगितलं. त्रिंबक भाकरी खाता खाता थांबला.

"माझ्या पायाचा नवस बोलताना मला एकदा इचारायचं तरी व्हतंस."

"तवा तुम्ही इचारण्यासारखे व्हता का?"

यावर तो हसला. पूर्वीचा असता तर ताट गेलं असतं. त्यांची पोरगी सृष्टी, जी कॉलेज करून एका मेडिकलवर कामाला जायची, ती मात्र हसली नाही. "आई, श्रावणात जाऊ आपण. सगळे जातात तेव्हा. आणि बाबा चप्पल घालून येतील."

"आनवानी म्हणले मी देवाला."

"शकीलाताईला विचारू या मग."

"आपल्या देवाचं तिला काय इचारायचं? ती तिच्या नमाजाचं आपल्याला इचारती का?"

बोलून गेली आणि तिचं तिलाच वाईट वाटलं, कारण सबंध वर्ष त्या बाईनं काय केलं होतं ते तिला माहीत होतं. खरं कारण नमाजाचं नव्हतंच. शकीला काय म्हणतील ते तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ते तिला ऐकायचं नव्हतं. साखर उतरली म्हणजे पायही परत आले असतील, असं तिनं स्वतःशी धरून टाकलं होतं. आणि खरं सांगायचं तर तिला भीती होती. देवानं नवरा बोलता केला. देवाचं देणं ठेवून घेतलं आणि त्यानं दिलेलं परत नेलं तर? श्रावणापर्यंत थांबायला ती तयार झाली नाही.

भद्रा मारुतीला पायी जाणारी माणसं शुक्रवारी रात्री निघतात आणि गारव्यात चालून शनिवारी पहाटे पोचतात. हे शहाणपण शहरातल्या शेंबड्या पोरालाही आहे. पण त्रिंबकला शुक्रवारची रात्र मिळेना. बदलीचा माणूस आयत्या वेळी नाही म्हणाला. "शनवारी सकाळी कामावरून येतो अन् तसंच निघू," त्रिंबक म्हणाला. "चालायला मी भितो का?"

शनिवारी तो आला, पाण्याचा पेला प्यायला, बिनसाखरेचा चहा प्यायला, गोळ्या घेतल्या. सारजाबाईनं पिशवीत आपल्या चपला टाकल्या. त्याच्या चपला दाराशी होत्या, त्या उचलल्या आणि पुन्हा खाली ठेवल्या. चपला जवळ असल्या की मन डगमगतं, असं तिला वाटलं. निघताना सृष्टी दारात उभी राहिली.

मिटमिट्यापर्यंत मजेत गेलं. शरणापूरच्या फाट्याला ऊन चढलं आणि सारजाबाईचे पाय पोळायला लागले. ती डांबर सोडून कडेच्या मातीत उतरली. तिथं खडे आणि काटे. सावली दिसली की ती लगबगीनं पुढं जाऊन झाडाखाली उभी राहायची, एक पाय दुसऱ्यावर घासायची. त्रिंबक मात्र डांबरावरून सरळ चालत होता, खांद्यावर टॉवेल टाकून, कळप पुढं असल्यासारखा.

"पोळत नाय का हो?"

"काय नाय. गार वाटतंय उलट."

दौलताबादला किल्ल्याच्या पायथ्याशी पोचले तेव्हा रस्त्यावरचं डांबर मऊ पडून चकाकत होतं. सारजाबाईला सहन होईना. नवस त्यांच्या पायांचा आहे, माझ्या नाही, असं मारुतीला सांगून तिनं पिशवीतून चपला काढून घातल्या. रसवंतीवाल्यानं त्रिंबककडं बघून हाक मारली, "पाव्हणं, तळवे भाजतील की!"

"मारुतीनं हातावर झेललेत," त्रिंबक मोठ्यानं म्हणाला, आणि घाट चढायला लागला.

सारजाबाई त्याच्या मागून चालत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिला शकीलांची काडी आठवली नाही का? आठवली. पण जी गोष्ट आपल्याला बिनचपलेची दोन पावलं सोसत नाही ती हा माणूस हसत सोसतो आहे, हे डोळ्यांनी दिसत असताना काडीचं कोण ऐकतं? देवानं नवस उचलून धरलाय, हाच तिला त्याचा पुरावा वाटला. घाटात तो तिच्यासाठी थांबला, हात पुढं केला, म्हणाला, "चल सारजे, दमलीस काय?" चार माणसांत त्यानं तिचा हात कधी धरला नव्हता. तिच्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा दिवस होता, आणि हे लिहिताना माझ्या जिवावर येतं, पण होता.

कागजीपुरा मागं पडला, खुलताबाद आलं. देवळात गर्दी नव्हती. दोघांनी दर्शन घेतलं, नारळ फोडला, आणि मंडपाच्या बाजूला सावलीत बसले. त्रिंबक पाय पसरून भिंतीला टेकला. सवयीनं सारजाबाई त्याच्या पायांशी बसली आणि उजवा पाय मांडीवर घेतला.

डांबराच्या काळ्या थराखाली तळवा राहिलाच नव्हता. टाचेपासून बोटांपर्यंत एकच फोड उठून फुटला होता, आणि कातडी ओल्या कागदासारखी एका बाजूला सरकली होती. डावा बघितला. त्याचाही फोड होता, पण अजून फुटला नव्हता.

"काय हाय?" त्रिंबकनं डोळे मिटूनच विचारलं. त्याच्या तोंडावर प्रसन्न हसू होतं.

सारजाबाईनं पाय हळूच खाली ठेवला. "काय नाय," ती म्हणाली.

थोड्या वेळानं तिनं सांगितलं, जरासे फोड आलेत, हळद लावू, चला जीपनं जाऊ. घरी आल्यावर तिनं तेलात हळद खलवून दोन्ही तळव्यांना थापली आणि जुन्या लुगड्याच्या पट्ट्या करून बांधल्या. मेंढराच्या खुराला जखम झाली की ती हेच करायची, आणि मेंढरं बरी व्हायची. सृष्टी कामावरून आली, पट्ट्या पाहिल्या. "शकीलाताईला दाखव."

"उद्या."

उद्या रविवार होता. परवा केंद्रात गर्दी असेल असं वाटलं. नंतर काही कारण सांगायचीही गरज उरली नाही. शकीला वाटेत दिसल्या तेव्हा सारजाबाई दुसऱ्या गल्लीत वळली. त्या ओरडतील ही भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती अशी की एकदा त्यांनी पट्टी सोडली की नवसाचं काहीच उरणार नाही. देवाची कृपा होती ती नुसती भाजलेली कातडी होईल.

आणि त्रिंबक? तो दुसऱ्याच दिवशी कामावरून आला आणि पिंपळाकडं निघाला.

"आज राहू द्या," सारजाबाई म्हणाली. पण जीव तोडून म्हणाली नाही.

"दुखत नाय तर राहू कशाला द्यायचं? वर्ष झालं, खाडा नाय पडला."

ती त्याच्या बरोबर गेली. त्याला अडवून घरात बसवला असता तर तो भिंतीकडं तोंड करून झोपला असता, आणि ती सकाळ न बोलताच गेली असती. म्हणून ती गेली, रोज गेली, आणि पट्ट्यांवर चप्पल अडकवून तो तिला येत्या श्रावणात पुन्हा जाऊ म्हणून सांगत राहिला. पाणी चुकलं नाही, फेरी चुकली नाही, गोळ्या चुकल्या नाहीत. चुकलं एकच. संध्याकाळी तळवे बघायचे ते तिनं बंद केलं. हळदीचा लेप हलायला नको, असं तिनं त्याला सांगितलं.

मग घरात वास यायला लागला. उंदीर मेला असेल म्हणून सारजाबाईनं पत्र्याची कोठी सरकवली, कपाट सरकवलं, अंथरुणं उन्हात टाकली. वास गेला नाही. त्या संध्याकाळी त्रिंबक थंडीनं कुडकुडायला लागला आणि अंग भट्टीसारखं तापलं. सृष्टीनं आईला विचारलं नाही. सरळ शकीलांना जाऊन घेऊन आली.

शकीलांनी पट्टी सोडली. उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती आणि काळेपणा घोट्याकडं चढत होता. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तोंडावरचा हात काढला आणि सृष्टीला म्हणाल्या, "रिक्षा बुलाव, जल्दी." मग सारजाबाईकडं न बघता विचारलं, "या पायांनी अनवाणी चालायला कोणी सांगितलं यांना?"

सारजाबाईनं तोंड उघडलं.

"नवस माझा व्हता, ताई," तापातून त्रिंबक म्हणाला. "हिनं लई आडवलं. मीच ऐकलं नाय."

सारजाबाईनं तोंड मिटलं. सृष्टीनं आईकडं बघितलं, आणि बघतच राहिली.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तिथंही त्रिंबकनं तेच सांगितलं. गावाकडून त्याचा भाऊ खंडेराव आला, त्यालाही तेच. विष रक्तात चढत होतं. उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. डावा वाचला. डॉक्टर म्हणाले, वर्षभर साखर एवढी ताब्यात ठेवली म्हणून एक तरी वाचला. चांगल्या मनानं म्हणाले ते. सारजाबाईला मात्र ते ऐकून जिन्याखाली जाऊन बसावं लागलं.

दवाखान्यातले ते सगळे दिवस तिनं त्याच्या एका वाक्यावर काढले. नवस माझा व्हता. म्हणजे त्यानं माफ केलं. म्हणजे पाय गेला तरी माणूस राहिला, तोच माणूस, ज्यानं घाटात हात धरला होता. तो तिच्याशी फारसा बोलत नव्हता, पण औषधांची गुंगी असेल, वेदना असतील, शेजारच्या खाटांवर परकी माणसं होती. घरी गेलं की बोलेल. खाटेवर बसल्या बसल्या बोलेल. चालायला पाय लागतात, बोलायला कुठं लागतात?

घरी आणल्यावर दोन दिवस माणसांची रीघ लागली. गोदामावर दुसरा पहारेकरी लागला होता. आलेला प्रत्येक जण त्रिंबकला म्हणायचा, देवासाठी पाय दिलास, मोठा भाविक माणूस तू. आणि त्रिंबक मान हलवायचा. तिसऱ्या दिवशी सृष्टी कामावर गेली आणि घरात दोघंच उरली. सारजाबाईनं पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला. त्यानं तो न पिता खाटेखाली ठेवला.

ती खाली बसली. मनात इतके दिवस साठवून ठेवलेलं तिनं बोलून टाकलं. "तुम्ही समद्यांना नवस तुमचा व्हता म्हणून सांगितलं. शकीलाताईला, भावजींना, डॉक्टरला. मला तर तोंड दाखवायला जागा नव्हती. तुमचं मन लई मोठं."

त्रिंबकनं नजर छताच्या पत्र्याकडं नेली.

"चार माणसांत तुझी अब्रू जाऊ नये म्हणून सांगितलं ते," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, ताट भिरकावणारा तो आवाज नव्हता. याच्यापेक्षा तिला तो जुना आवाज बरा वाटला असता. "नवसाचा मला राग नाय. नवस कोण बी बोलतं. माझं भलं व्हावं म्हणूनच बोललीस तू."

"मग?"

"देवळात तुला मी इचारलं, काय हाय म्हणून. तू म्हणलीस काय नाय. तिथनं जीपनं सरळ दवाखान्यात नेलं असतंस तर डॉक्टर म्हणतो पाय वाचला असता. मी इचारलं त्यांना. मला माझा तळवा दिसत नव्हता, सारजे. तुला दिसत व्हता."

तो खरं बोलत होता. त्यानं दोन्ही हातांनी उजवी मांडी उचलून कूस बदलली. एवढं बोलून तो जो गप्प झाला, तो आज पावसाळा संपत आला तरी गप्पच आहे.